दिवसभर उभे राहणाऱ्याने जोडा कसा निवडावा?

मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात पाऊल टाकून पाहा. मालक मागाच्या एकेका भागाची काळजी घेत असतो. धोटा झिजला की बदलतो, पट्टा सैल झाला की आवळतो, तेलपाणी वेळेवर करतो. पण तोच माग चालविणारा कारीगर आपली बारा तासांची पाळी झिजलेल्या रबरी स्लिपरवर, कित्येकदा अनवाणी, सिमेंटच्या कोब्यावर काढत असतो. पहाटे लिलावाला उभे राहणारे बागवान, ओल्या फरशीवर सत्तूर चालविणारे कुरेशी बंधू, भट्टीसमोरचा बेकरी कामगार, टेबलावर वाकून कापड बेतणारा टेलर मास्टर, गॅरेजमधील मिस्त्री, कापड दुकानातील सेल्समन, हातगाडीवाला... आपल्या समाजाची रोजी फार मोठ्या प्रमाणावर पायांवर उभी आहे. हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही, शब्दशः म्हणत आहोत. आणि तरीही घरखर्चाच्या यादीत जोड्याचा नंबर सर्वांत शेवटी लागतो.

आमच्या परिचयातील एक बुजुर्ग बागवान आहेत. तीस वर्षांहून अधिक काळ मंडईत फळांचा धंदा. मधुमेह जुना, गोळ्या घेत होते, पण पायांकडे लक्ष नव्हते. चपलेचा पट्टा निघाला म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला खिळा मारून घेतला. दोन-तीन आठवड्यांत तळ दबला आणि खिळ्याचे टोक वर आले. दुसऱ्या कोणाला ते पहिल्याच पावलाला टोचले असते. चाचांच्या तळपायाची संवेदना मधुमेहाने कधीच गेली होती. त्यांना काहीच कळले नाही. जोहरच्या वजूला बसले तेव्हा पाण्यात रक्त दिसले. हळद लावली, पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चप्पल घालून मंडईत गेले. पंधरा दिवसांनी दवाखाना गाठला तेव्हा दोन बोटे काढावी लागली. गाडा तीन महिने बंद राहिला. ज्या दुरुस्तीपासून हे सुरू झाले ती वीस रुपयांची होती.

अशी उदाहरणे प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचे आढळले. म्हणजे आपल्या गल्लीतील दुकानांत, कारखान्यांत उभे असणाऱ्यांपैकी काही जण त्यात निश्चितच असणार. पण मधुमेह नसला तरी दिवसभर उभे राहण्याची किंमत शरीर वसूल करतेच. सकाळी बिछान्यातून उतरताना टाचेत कळ येणे, तळपायाला भोवरी होणे, पोटरीच्या शिरा फुगणे, गुडघे आणि कंबर धरणे, या तक्रारींना आपण वयाचे नाव देऊन मोकळे होतो. त्यांतील सगळ्या जोड्याने जाणार नाहीत. पण बऱ्याचशा कमी होतात.

माप पायाचे घ्या, नंबराचे नव्हे

दुकानात शिरताच गिऱ्हाईक सांगते, "आठ नंबर दाखवा." हा आठ नंबर त्याने विसाव्या वर्षी ठरविलेला असतो. आज तो पंचेचाळिशीचा आहे. वजन वाढले आहे आणि इतक्या वर्षांच्या उभ्या कामाने पायाची कमान थोडी खाली बसली आहे. कमान बसली की पाऊल लांबीलाही वाढते आणि रुंदीलाही. त्यामुळे पूर्वीचा आठ आता साडेआठ किंवा नऊ झालेला असू शकतो. आपल्याकडे प्रचलित असलेल्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरचा असतो, तर युरोपीय पद्धतीत (४१, ४२, ४३ वगैरे) तो सुमारे पावणेसात मिलिमीटरचा. त्यामुळे एका कंपनीचा आठ दुसऱ्या कंपनीच्या आठशी जुळेलच असे नाही. नंबर हा फक्त सुरुवातीचा अंदाज समजावा.

दुसरा मुद्दा रुंदीचा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. आपले पाय युरोपीय आणि अमेरिकन लोकांच्या पायांपेक्षा रुंद असतात, असे त्यात दिसले. भारतीयांसाठी 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचविण्यात आली ती याच पाहणीवरून. म्हणजे विलायती साच्यावर बनलेला जोडा आपल्याला पुढे आवळतो, यात आपल्या पायाचा दोष नाही. पण गिऱ्हाईक काय करते? रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेते. मग जोडा लांबीला सैल होतो, टाच आत-बाहेर घासते आणि फोड येतात.

यावर एक बिनखर्चाचा उपाय आहे. घरी कागदावर दोन्ही पाय टेकवून उभे राहा आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल सरळ उभी धरून पायाची रेषा काढून घ्या. बसून काढलेली रेषा उपयोगाची नाही, कारण वजन पडल्यावरच पाऊल पसरते. ती दोन्ही पावले कापून खिशात घेऊन जा. कागद जोड्याच्या तळावर ठेवला आणि कडेने बाहेर आला, तर तो जोडा कितीही सुंदर असो, परत ठेवा. बहुतेकांचे दोन्ही पाय सारखे नसतात. माप नेहमी मोठ्या पायाचे धरावे.

खरेदीची वेळ संध्याकाळची असावी. दिवसभराच्या कामाने पाय फुगतात. सकाळी नेमका बसलेला जोडा असरनंतर आवळू लागतो. कामावर मोजे घालत असाल तर तेच मोजे घालून जा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. "घातल्यावर सैल होईल" हे दुकानदाराचे वाक्य कातड्याच्या वरच्या भागाबाबत थोडेफार खरे आहे. रेक्झिन आणि प्लॅस्टिकबाबत मुळीच नाही. आणि सैल झाला तरी रुंदीला होईल, लांबीला कधीच नाही. जोडे विकणारे आपले बंधू हे वाचत असतील तर त्यांनी रागावू नये. माप चुकलेले गिऱ्हाईक एकदाच येते.

मऊ म्हणजे चांगला नव्हे

दुकानात आपण जोडा उचलतो, आतला तळ अंगठ्याने दाबतो आणि खोल गेला की खूश होतो. पाच मिनिटांसाठी मऊ तळ छानच वाटतो. पण दहा तास उभे राहणाऱ्याच्या वजनाखाली फार मऊ तळ पूर्ण दबून जातो आणि मग पाय जणू फरशीवरच असतो. शिवाय मऊ गादीवर तोल सांभाळण्यासाठी घोट्याचे स्नायू सतत काम करीत राहतात. दाबल्यावर थोडा आत जाणारा आणि बोट काढताच लगेच पूर्ववत होणारा तळ हवा.

बाजारात मिळणाऱ्या तळांची ओळख करून घेणे फायद्याचे आहे. ईव्हीए नावाचा फेसाळ तळ सर्वांत हलका असतो. आजकालचे बहुतेक स्वस्त स्पोर्ट शूज आणि स्लिपर त्याचेच. चालायला तो सुखकारक असतो, परंतु रोजच्या उभ्या वापरात काही महिन्यांतच बसतो. वरून जोडा नवा दिसतो, आत दम राहिलेला नसतो. उष्णतेने तो आकसतो, म्हणून भट्टीजवळ त्याचा उपयोग नाही. पीव्हीसी स्वस्त, जड आणि टिकाऊ असतो, पाण्याने बिघडत नाही. पण कडक असतो आणि गुळगुळीत फरशीवर घसरतो. अस्सल रबराचा तळ जड असला तरी त्याची पकड उत्तम असते. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन हा वजन, लवचीकपणा आणि टिकाऊपणा यांचा चांगला मेळ आहे, आणि उभ्या कामासाठी आमची पसंती त्यालाच आहे.

मात्र पीयूचा एक मोठा दोष आहे, जो फार थोड्यांना माहीत असतो. हवेतील दमटपणाने तो आतून हळूहळू विघटित होतो, न वापरताही. लग्नात घेतलेला जोडा चार-पाच वर्षे डब्यात जपून ठेवला, ईदला काढला आणि ईदगाहच्या वाटेवर तळाचा भुगा झाला, असा अनुभव अनेकांना आला असेल. लोक कंपनीला शिव्या देतात. खरे तर जोडा वापरला असता तर त्यातला दमटपणा वेळोवेळी बाहेर पडला असता आणि तो कदाचित अधिक टिकला असता. मुंबई-कोकणच्या हवेत हे लवकर घडते. म्हणून डब्यावरील उत्पादनाचा महिना व वर्ष अवश्य पाहा. 'स्टॉक क्लिअरन्स'च्या नावाने निम्म्या किमतीत मिळणारा तीन-चार वर्षांपूर्वीचा पीयू तळाचा माल हा बहुधा स्वस्त सौदा नसतो. दुकानदारांनीही असा माल आधी आलेला आधी विकावा, माळ्यावर साठवू नये.

जोडा हातात घेऊन पुढचा भाग टाचेकडे वाकवून पाहा. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे पाऊल जेथे वाकते तेथेच वाकला पाहिजे. मधोमध कमानीखाली घडी पडत असेल तर तेथे आधार नाही. पिळून पाहा, फडक्यासारखा पिळला जात असेल तर नको. टाचेचा मागचा भाग दोन बोटांत दाबा, तो घट्ट हवा. अगदी सपाट, पातळ तळापेक्षा टाचेकडे किंचित उंची असलेला जोडा उभ्या कामाला बरा. मात्र फार उंच टाच सगळे वजन बोटांवर ढकलते. शिलाईकाम, शिकवणे, दुकान सांभाळणे अशी कामे करणाऱ्या आपल्या भगिनींना हे विशेष लागू आहे. महिलांच्या चपला-सँडल पुढे इतक्या निमुळत्या बनवितात की अंगठ्याचे हाड बाहेर येते आणि ते पुन्हा जागेवर जात नाही.

कामाप्रमाणे जोडा

सर्वांत कठीण परिस्थिती मटण-चिकनच्या दुकानात असते. फरशीवर पाणी, त्यात चरबी, आणि हातात धारदार सुरी. तेथे पाय घसरणे म्हणजे केवळ पडणे नव्हे. कातडी जोडा तेथे चालत नाही. चरबी आणि पाणी दोन्ही तो पितो, वास धरतो आणि सडतो. गमबूट योग्य, पण ते निवडताना तळाची नक्षी पाहावी. फार खोल आणि अरुंद खाचांत चरबी भरून बसते, मग तळ जवळजवळ सपाट होतो. पाणी बाजूने निघून जाईल अशा उघड्या खाचा हव्यात आणि रोज रात्री गरम पाणी व साबणाने तळ ब्रशने घासला पाहिजे. गमबुटात पायाला आधार असा काहीच नसतो. म्हणून वेगळा जाड तळ विकत घेऊन आत घालावा. रात्री तो काढून सुकवावा आणि बूट उलटे करून ठेवावेत. शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ओल्या गमबुटात रोज पाय घालणाऱ्याच्या बोटांत चिखल्या होणारच.

गॅरेजमधील कथा वेगळी. पेट्रोल, डिझेल आणि इंजिन ऑइलने साधे रबर फुगते, मऊ पडते आणि त्याचा तळ सुटू लागतो. पीयू किंवा नायट्राइल रबराचा तळ तेलाला पुष्कळ दाद देत नाही. जड सामान उचलणाऱ्या मिस्त्रींनी आणि फॅब्रिकेशनवाल्यांनी पुढे पोलादी टोपी असलेला सेफ्टी शूजच घ्यावा. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५२९८ हा क्रमांक असतो. या मानकाच्या सेफ्टी जोड्याची टोपी २०० जूलचा आघात सहन करते. म्हणजे साधारण वीस किलोचा ऐवज एक मीटर उंचीवरून बोटांवर पडला तरी बोटे वाचतात. पदपथावर 'सेफ्टी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही जोड्यांत टोपीच्या जागी नुसते कडक प्लॅस्टिक असते. वेल्डिंग करणाऱ्यांनी जाळीचे स्पोर्ट शूज टाळावेत. ठिणगी जाळी वितळवून थेट कातडीला चिकटते. घोटा झाकणारा कातडी बूट आणि त्यावर उतरणारी पँट, हेच बरे.

मागावरील कारीगर उभा कमी आणि फिरता जास्त असतो. दोन ओळींमधील अरुंद वाटेत तो दर मिनिटाला वळतो. जमिनीवर तेलाचे डाग आणि सुताची धूळ. तेथे मागे पट्टा नसलेली स्लिपर सर्वांत वाईट, कारण ती पायात टिकवून धरण्यासाठी बोटे सतत आवळून धरावी लागतात. बारा तास असे बोटे आवळणाऱ्याच्या पोटऱ्या रात्री दुखल्या तर नवल नाही. हलका, पुढून बंद, मागे आधार असलेला जोडा किंवा किमान मागे पट्टा असलेली सँडल घ्यावी. टेलर मास्टर आणि काउंटरवरील मंडळी एकाच जागी उभी असतात. त्यांना जोड्याइतकीच पायाखालच्या वस्तूची गरज आहे, त्याविषयी पुढे.

कातडे, कोल्हापुरी आणि अस्तर

कोरड्या जागेत काम करणाऱ्यास कातड्याला तोड नाही. ते घाम शोषते, हवा खेळू देते आणि हळूहळू पायाचा आकार घेते. पण 'जेन्युइन लेदर' या शिक्क्यावर जाऊ नये. कातड्याचा वरचा मजबूत थर काढून घेतल्यावर खाली उरलेल्या थरावर रंगाचा लेप दिला तरी तोही कातडेच म्हणवतो. तो लेप वाकण्याच्या जागी तडकतो. जोड्याची कापलेली कड पाहा, तेथे तंतू दिसले पाहिजेत. कापडावर चढविलेला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा दिसला तर ते रेक्झिन.

कोल्हापुरी चपलेविषयी आम्हाला वारंवार विचारणा होते. २०१९ साली महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशीच चप्पल आपल्या नावाने मंचावर आणली तेव्हा जगभर गाजावाजा झाला. अस्सल कोल्हापुरी बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची असते, तिच्यात खिळा नसतो, आणि ती अनेक वेळा दुरुस्त होते. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून या धंद्याची भिस्त म्हशीच्या कातड्यावर वाढली आहे, आणि कातड्याच्या व्यवसायातील आपल्या बांधवांना त्या वर्षाची झळ ठाऊक आहेच. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर ओल्या किंवा गुळगुळीत टाइल्सवर दिवसभर उभे राहण्यासाठी ती चप्पल नव्हे. तळ सपाट आणि कडक, मागे पट्टा नाही. मातीच्या अंगणात, कोरड्या गादीच्या दुकानात, फिरतीवर ती उत्तम. पावसाळ्यात घालू नये. नवी चप्पल चावते म्हणून टाकून देऊ नये; खोबरेल तेल लावून रोज तासभर घरात वापरावी.

अस्तराबाबत आपल्या वाचकांनी थोडे अधिक सावध असावे. परदेशी आणि विशेषतः जुन्या आयात मालातील काही जोड्यांचे आतील अस्तर डुकराच्या कातड्याचे असते. चीनमध्ये असे कातडे मोठ्या प्रमाणावर तयार होते. ते कमावले तरी पाक होत नाही, असे बहुतांश उलेमांचे मत आहे. ओळखण्याची एक खूण अशी की केसांची छिद्रे तीन-तीनच्या झुबक्याने दिसतात. वरून लेप दिला असल्यास ही खूण लपते. शंका असल्यास सरळ दुकानदारास विचारावे, उत्तर न मिळाल्यास कापडी अस्तराचा जोडा घ्यावा. देशी मालात बकरी, मेंढी, म्हैस किंवा कृत्रिम अस्तर सर्रास मिळते, त्यामुळे अडून राहण्याचे कारण नाही.

वजू, नमाज आणि जोडा

कामाच्या वेळेत निदान दोन-तीन वेळा जोडा काढणे-घालणे आपल्याला चुकत नाही. इतर ग्राहकांना हा प्रश्न नाही, म्हणून जाहिरातीतही याचा विचार नसतो. जमात उभी राहिली, नाडी सोडायला वेळ नाही, म्हणून टाच मोडून जोडा स्लिपरसारखा ओढत जाणारे आपण रोज पाहतो. एकदा मागची बाजू मोडली की टाचेचा आधार संपला आणि हजार रुपयांचा जोडा शंभराच्या स्लिपरएवढाच राहिला. त्यापेक्षा बाजूला इलॅस्टिक असलेला, नाडीविना चढणारा जोडा घ्यावा, किंवा मागे पट्टा असलेली पेशावरी सँडल. काउंटरखाली दहा-वीस रुपयांचे जोडा चढवायचे पाते ठेवावे. दुकान मशिदीजवळ असेल तर नमाजसाठी वेगळी साधी चप्पल ठेवणे सर्वांत सोयीचे. जुम्म्याच्या गर्दीत चांगला जोडा 'बदलून' जाण्याची भीतीही मग राहत नाही.

वजूनंतर ओले पाय तसेच बंद जोड्यात घालणे ही मात्र वाईट सवय आहे. दिवसातून तीन वेळा ओल आत कोंडली तर बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, कातडी पांढरी पडून सोलते, खाज आणि वास सुरू होतो. एक छोटा टॉवेल जवळ बाळगून बोटांच्या मध्ये नीट कोरडे करावे. वजू करताना बोटांमध्ये खिलाल करतोच, तेवढ्याच काळजीने पुसावेही. थंडीत किंवा प्रवासात कातडी मोजे म्हणजे खुफ्फैन वापरणाऱ्यांना मुक्कामी एक दिवस-रात्र आणि प्रवासात तीन दिवस-रात्र मसहची सवलत आहे; नेहमीच्या पातळ सुती मोज्यांना ती नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. देशावरचे बहुतेक लोक हनफी आणि कोकणातले शाफई, तेव्हा बारकावे आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. आमचा मुद्दा मापाचा आहे: खुफ्फैन घालणार असाल तर जोडा ते घालूनच मापावा, नेहमीच्या नंबरात पाय जाणार नाही.

उमरा किंवा हजला निघालेल्यांनी नवी चप्पल घालून जाऊ नये. पंधरा दिवस आधी वापरून ती पायाला बसवून घ्यावी, सोबत एक जास्तीचा जोड पिशवीत ठेवावा. हरमबाहेर चप्पल हरवली म्हणून तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालत मुक्कामी आलेल्या मधुमेही हाजींचे तळवे भाजल्याचे प्रकार घडतात, आणि त्यांना ते रात्री कळते.

हिशेब

आता पैशाचे पाहू. समजा अडीचशे रुपयांची चप्पल चार महिने टिकते. दोन वर्षांत सहा जोड, म्हणजे पंधराशे रुपये. दुसरीकडे चौदाशेचा शिवलेल्या तळाचा जोडा, दोन वर्षांत दोनदा अडीचशे देऊन तळ बदलला, एकूण एकोणीसशे. म्हणजे चांगला जोडा स्वस्त पडत नाही, चारशेने महागच पडतो. उगीच खोटे सांगून उपयोग नाही. पण हा फरक दिवसाला साधारण पंचावन्न पैसे होतो. टाचदुखीसाठी डॉक्टरांकडे एकदा गेले आणि एका दिवसाची मजुरी बुडाली की हा हिशेब कोठल्या कोठे जातो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यांवरील जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी हजाराच्या वरच्या जोड्यावर तो १८ टक्के होता. कामाचा चांगला जोडा याच हजार ते अडीच हजारांच्या पट्ट्यात येतो, त्यामुळे बिल घेऊन भाव नीट तपासावा.

जमल्यास एकाच वेळी दोन जोड घ्यावेत आणि एक दिवसाआड वापरावेत. कातड्यात मुरलेला घाम सुकायला रात्र पुरत नाही. एकाच जोड्याला रोज राबविले तर तो आतून कुजतो. ओला जोडा उन्हात किंवा भट्टीजवळ वाळवू नये, कातडे तडकते; आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत ठेवावा. आणि एका चांगल्या मोचीशी ओळख ठेवावी. टाच एका बाजूने झिजू लागताच पट्टी मारून घेतली तर जोडा वाचतो आणि गुडघाही. मात्र खिळ्याऐवजी शिवून किंवा चिकटवून घ्यावे, आणि खिळा मारलाच तर आतून हात फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मालकांसाठी

दुकानात चार-पाच माणसे उभी ठेवणाऱ्या मालकांशी थोडे बोलायचे आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. कापड दुकानांतील मुली दिवसभर उभ्या असतात, गिऱ्हाईक नसतानाही बसू दिले जात नाही, या तक्रारीतून ते घडले. आपल्याकडे एक स्टूल ठेवायला कायद्याची वाट कशाला पाहायची? गिऱ्हाईक नसताना नोकर बसला म्हणजे धंदा बसला, असे काही नाही.

कोब्यावर किंवा शहाबादी फरशीवर जेथे माणूस उभा राहतो तेथे जाड रबरी मॅट टाकावी. जुने टेलर मास्टर गोणपाटाच्या घड्या करून पायाखाली घेत, ते उगीच नव्हे. टेबलाखाली वीतभर उंचीची लाकडी फळी ठेवावी. एक पाय तिच्यावर, एक जमिनीवर, असे आलटून पालटून उभे राहिल्यास कंबरेवरचा ताण कमी होतो. ईदला नोकरांना कपडे देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. एखाद्या वर्षी कपड्यांऐवजी त्यांना दुकानात नेऊन, माप घेऊन कामाचा जोडा द्यावा. एकाच नंबराचे डझनभर आणून वाटू नयेत.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वरील सर्व गोष्टींखेरीज हेही पाळावे: घरातही अनवाणी फिरू नये, एमसीआर नावाच्या मऊ रबराची, खिळा नसलेली खास चप्पल मिळते, ती डॉक्टरांना विचारून घ्यावी, दोन बोटांमध्ये अंगठा अडकवायची पट्टी असलेली चप्पल टाळावी, रात्री आरशाने किंवा घरच्यांकडून तळवे तपासून घ्यावेत. भोवरी ब्लेडने कापण्याचा धीटपणा करू नये.

ते बागवान चाचा आता पुन्हा मंडईत येतात. लिलावाला मुलगा उभा राहतो, ते गल्ल्यावर खुर्ची टाकून बसतात. पायात एमसीआरची मागे पट्टा असलेली चप्पल असते. पायात घालण्यापूर्वी जोडा झटकून घ्यावा ही जुनी शिकवण त्यांना लहानपणापासून माहीत होती, पण ती विंचू-किड्यांसाठी आहे असे ते समजत. आता रोज फजरला निघताना ते चप्पल उचलतात, झटकतात आणि आतून हात फिरवून मगच पायात घालतात.